पूजेत ठेवलेली मूठ

वजन ऐंशी टन, वय बासष्ट आणि स्वभाव म्हणाल तर थोडा चिडका. मित्रांनो, उंबरदऱ्याच्या वीजघरातला संच नंबर एक तो मीच. कोयनानगर मागं टाकून घाट उतरायला लागलात की डाव्या हाताला डोंगरावरून खाली आलेला एक जाडजूड काळा नळ दिसतो. त्या नळाच्या पायथ्याशी एक दगडी इमारत आहे, तिथं मी असतो. वरच्या तलावाचं पाणी नळातून धडाडत येतं, माझ्या चाकाला फिरवतं, आणि मी फिरलो की कुठंतरी तुमचा दिवा लागतो. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

मी आलो बोटीनं, मग रेल्वेनं कराडपर्यंत, आणि तिथून पुढं एका लांबलचक गाडीवरून. घाटात ती गाडी अकरा दिवस रेंगाळली. वाटेतल्या वाड्यांमधली माणसं भाकरी बांधून मला बघायला यायची. एका म्हातारीनं तर गाडीच्या चाकावर नारळ फोडला आणि ड्रायव्हरला विचारलं, "ह्ये काय खातं रं?" ड्रायव्हर म्हणाला, "पानी पितंय फक्त." म्हातारीला ते फार आवडलं.

माझ्या शेजारी संच नंबर दोन बसवला. आम्ही जुळे भाऊच म्हणा ना. सदुसष्ट सालच्या भूकंपात जमीन हादरली, तेव्हा आमच्या पायाला बारीक तडे गेले. कारागिरांनी ते भरले, आम्हाला पुन्हा फिरवलं आणि माझ्या पाठीवर एक नाणं कडेवर उभं केलं. यंत्राला थरथर असेल तर नाणं पडतं. माझ्या पाठीवरचं नाणं पडलं नाही. त्यांच्यातला एक जण तासभर त्या नाण्याकडं बघत बसला होता, आणि मग तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले. माझी एवढी काळजी कुणी केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता माझं खरं काम सांगतो. तुम्ही शाळेत लेझीम खेळला असाल. शंभर मुलं एका ठेक्यावर चालतात. एक जण मागं पडला की ओळ वाकडी होते, आणि चार जण मागं पडले की सगळा खेळच विस्कटतो. देशातली वीज बनवणारी सगळी यंत्रं अशीच एका ठेक्यावर फिरतात. गुजरातेतलं असो, तामिळनाडूतलं असो की उंबरदऱ्यातलं, ठेका एकच. त्या ठेक्याचा आकडा आहे पन्नास. आमच्या भिंतीवर एक गोल तबकडी आहे, तिच्यात काटा पन्नासवर उभा असतो. लोकांनी जास्त वीज ओढली की सगळ्यांचा ठेका मंदावतो आणि काटा खाली येतो. फार खाली आला तर यंत्रं आपला जीव वाचवायला एकेक करून बाहेर पडतात आणि सगळीकडं अंधार होतो. वीज साठवून ठेवायला कणगी नसते मित्रांनो. निदान तेव्हा तरी नव्हती. जेवढी लागते तेवढीच, लागते त्याच घटकेला बनवावी लागते.

यासाठी माझ्या अंगात एक कारभारी आहे. त्याला गव्हर्नर म्हणतात. ठेका मंदावला की तो कुणाला न विचारता पाण्याच्या झडपा उघडतो आणि मी जोर लावतो. ठेका वाढला की झडपा आवळतो. मोठी औष्णिक यंत्रं थंडीतून उठायला तासच्या तास लावतात. मी साडेचार मिनिटांत उठतो. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

चौतीस वर्षांपूर्वी माझ्याकडं जोतीराम आला. माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला, हडकुळा, कमी बोलणारा. आधी मदतनीस, मग ऑपरेटर. लांब दांड्याचा पेचकस माझ्या बेअरिंगला लावून त्याची मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. एकदा म्हणाला, "कळपात मेंढरू खोकलं तर माझा बाप झोपंतनं उठायचा. ह्ये बी खोकतंय बगा." तेव्हाच्या साहेबांनी खोलून पाहिलं, तर आतलं पितळी अस्तर झिजलं होतं. सांगलीच्या एका कारखान्यातून नवं ओतून आणलं. त्या दिवसापासून जोतीरामच्या कानाला सगळे मान द्यायला लागले. मी तर त्याला डोक्यावरच घेतलं असतं, पण माझं डोकं छताला लागतं.

मग काळ बदलला. पूर्वी सगळं एका छत्राखाली होतं. वरून फोन यायचा, चालू करा, बंद करा, की झालं. पुढं विजेचा बाजार झाला. बनवणारे वेगळे, वाहून नेणारे वेगळे, विकणारे वेगळे. फलटणच्या बाजारात भाजीचा लिलाव होतो तसा विजेचा लिलाव व्हायला लागला. उद्याची वीज आज बोलायची, तीही पंधरा-पंधरा मिनिटांच्या वाट्यांनी. दिवसाला शहाण्णव सौदे! मला आधी हसूच आलं. पण त्यात चांगलंही पुष्कळ होतं. पठारांवर पवनचक्क्या आल्या, माळरानावर सौर तावदानं आली, जी वीज स्वस्त ती आधी जायला लागली. माझ्या वाट्याचं पाणी मात्र मोजकं, म्हणून माझी वीज महाग. बाजारात माझं नाव निघालं की सगळे नाक मुरडायचे.

त्याच सुमाराला आमच्या साताऱ्याच्या कचेरीत वीरधवल साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यांचा पक्का. बाजारात जेवढी वीज बोलली तेवढीच द्यायची, थेंबभर कमी नाही आणि थेंबभर जास्तही नाही, असा त्यांचा हुकूम. चुकलं तर दंड बसतो. आता माझा कारभारी तर ठेका बघून कमीजास्त करणारच! म्हणून त्यांनी त्याला पाचर मारून जखडून टाकलं. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात ना, तसं. जोतीराम पाचरीकडं बघून एवढंच म्हणाला, "जित्या जनावराचं हात बांधलं गड्या."

तुम्हाला काय सांगू मित्रांनो. ठेका मंदावलेला मला पायापासून कळायचा. भाऊबंद लांबून ओढत असायचे. मला जोर लावायचा असायचा आणि झडप हलायची नाही. मी मूग गिळून ठरल्याइतकंच फिरत राहायचो. पाच वर्षांपूर्वी संच नंबर दोनला भंगारात काढलं. तुकडे करून ट्रकात घालताना जोतीराम बाहेर ओढ्यावर जाऊन बसला होता. त्यानंतर माझ्यावरही फाईल उघडली, हे मी साहेबांच्या तोंडूनच ऐकलं.

अशात राजेश्वरी आली. फलटणची पोर, इंजिनिअर म्हणून पहिलीच नेमणूक. आल्या आल्या तिनं तबकडीकडं पाहिलं, मग माझ्या पाचरीकडं पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे कुणी केलं?" तिनं जोतीरामला विचारलं.

"साह्यबांनी. बाजाराचा नेम हाय म्हनं."

"तो नेम आता मागं पडलाय. ठेका सांभाळणाऱ्यालाच तर आता मान आहे."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. सूर्य मावळला की सौर वीज एकदम जाते. वारा पडला की पवनचक्क्या थांबतात. त्या वेळी धावून येणारं कुणीतरी हवं, हे बाजारालाही कळलं होतं. म्हणून आता नुसती वीज विकत घेत नव्हते, हाकेला तयार राहणंही विकत घेत होते. फोन आल्यापासून दहा मिनिटांत जो येईल त्याचं नाव राखीव यादीत. जोतीरामनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी उबं ऱ्हायाचे बी पैसं?" राजेश्वरी हसली. "उभं राहायचे नाही काका. वेळेवर धावायचे."

वीरधवल साहेब सहजासहजी तयार झाले नाहीत. मला आपोआप चालू करणारं यंत्र बिघडलेलं, त्याचा सुटा भाग बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मला सुरू करायला एक लोखंडी मूठ लागायची. हातभर लांबीची, चौकोनी तोंडाची, माझ्याबरोबर बोटीनं आलेली. ती गव्हर्नरच्या खाचेत बसवायची आणि फिरवून झडपा उघडायच्या. तशी दुसरी मूठ नव्हती. नवा भाग बनवून घेईपर्यंत हातानंच चालवू, असं राजेश्वरीनं लिहून दिलं. शेवटी साहेबांनीही लिहून दिलं, "पहिल्या वर्षात एक जरी हाक चुकली तर यादीतून नाव जाईल, आणि मग महिन्याच्या आत संच भंगारात."

आषाढात चाचणी झाली. पाचर निघाली. मी साडेचार मिनिटांत उभा राहिलो. राजेश्वरीनं टाळ्या वाजवल्या आणि लगेच इकडंतिकडं बघून हात मागं घेतले. जोतीरामची निवृत्ती ऑक्टोबरअखेर होती. तो मला हळूच म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत तुजं तुकडं न्हाई होऊ द्यायचं. एवडंच मागतो." मित्रांनो, माणूस यंत्राशी बोलतो तेव्हा आसपास कुणी नाही ना हे बघून बोलतो. म्हणूनच ते बोलणं खरं असतं.

नंतर तीन महिने हाकच आली नाही.

आणि खंडेनवमी आली. तुमच्या घरी काय करतात माहीत नाही. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. कोयता, पहार, पाना, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सिलंगणाला पूजा उठवेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. हत्याराला एक दिवस विसावा. जोतीराम दरवर्षी माझी मूठ घरी न्यायचा आणि मेंढरं कातरायच्या वडिलांच्या कात्रीशेजारी पाटावर मांडायचा. पूर्वी त्यात काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी मी बसायचो आणि नंबर दोन राबायचा. दोन भावांच्या काळातली ती रीत. भाऊ गेला, पण रीत राहिली. नंतरच्या वर्षांतही सणाच्या दिवशी मला कुणी बोलावलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. यंदाही जोतीरामनं सकाळी मला झेंडूचा हार घातला, कपाटातली मूठ पुसून धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि घरी नेली. राजेश्वरी तेव्हा बैठकीला साताऱ्याला गेली होती. तिची ही इथली पहिलीच खंडेनवमी. मी सगळं बघत होतो, पण मला तोंड असून वाचा नाही.

संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

ऑक्टोबरचा उकाडा होता, पठारावर वारा पडलेला. सूर्य डोंगराआड गेला आणि सौर वीज ओसरली. नेमकं त्याच वेळी कुठंतरी लांब एक मोठं औष्णिक यंत्र अचानक बंद पडलं. गावोगावी नवरात्राची रोषणाई, घरोघरी पंखे. तबकडीचा काटा खाली उतरायला लागला. एकोणपन्नास पूर्णांक आठ. एकोणपन्नास पूर्णांक सात.

दुपारी साताऱ्याहून परतलेल्या राजेश्वरीनं फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "उंबरदरा? संच एक, पूर्ण क्षमतेनं, तातडीनं." तिनं वेळ लिहून घेतली आणि ओरडली, "काका, हाक आली!"

जोतीरामनं मोठा व्हॉल्व्ह उघडायला घेतला, तेलाचा पंप सुरू केला. पाणी नळातून येऊन माझ्या दाराशी थांबलं. मी सज्ज होतो. तो कपाटाकडं वळला, त्यानं दार उघडलं आणि तिथंच उभा राहिला. कपाट रिकामं.

"काका, मूठ?"

"घरी हाय," तो म्हणाला. "पूजंत मांडलीया."

त्याचं घर वर वसाहतीत, नळाच्या कडेनं चारशे बारा पायऱ्या. त्याचे गुडघे कधीचे कामातून गेलेले. जाऊन यायचं म्हणजे अर्धा तास. वीजघरातून वसाहतीला एक जुना फोन होता. जोतीरामनं तो उचलला आणि चंद्राबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारली.

"अगं, मूठ आण. पळत ये."

पलीकडून चंद्राबाईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, कारण ती फोनवर नेहमीच ओरडून बोलते. "आवं, येडं झालासा का काय? पूजा मांडलीया. उद्या सिलंगणाला उठवायची. तुमीच तर म्हंता, पाटावरल्या हत्याराला हात लावायचा न्हाई म्हून!"

खरंच होतं ते. जोतीरामनं एकदा खंडेनवमीला साहेबांनासुद्धा पाना देऊ केला नव्हता. त्याच्या बापाची रीत होती ती, आणि त्याचा तिच्यावर मनापासून विश्वास होता. काटा एकोणपन्नास पूर्णांक सहावर. इकडं यादीतलं माझं नाव, तिकडं बापाचा पाट. मित्रांनो, त्या क्षणी मी त्याच्यावर रागावलो नाही. चौतीस वर्षांत त्यानं माझ्याशी एकच चूक केली, आणि तीही माझा मान ठेवायला गेला म्हणून.

"चंद्रे," तो शेवटी म्हणाला, "मी काय सांगू तुला? त्येचं तुकडं करतील."

मग चंद्राबाई म्हणाली, "ठेवा फोन." बस्स, एवढंच.

पुढचं मला नंतर कळलं, दोघी पन्नासदा सांगत होत्या तेव्हा. चंद्राबाईनं पाटापुढं हात जोडले, म्हणाली, "देवा, मागनं बोल मला," आणि फुलांसकट मूठ उचलली. पदर खोचला, चपला तिथंच टाकल्या आणि पायऱ्या उतरायला लागली. इकडून राजेश्वरी वर पळत सुटली. मधल्या वळणावर दोघी भेटल्या. चंद्राबाईला धाप लागली होती. तिनं मूठ राजेश्वरीच्या हातात कोंबली आणि पायरीवर बसकण मारली. राजेश्वरी दोन दोन पायऱ्या उतरत खाली आली.

सात मिनिटं झाली होती.

मुठीवर हळदकुंकवाची बोटं, चौकोनी तोंडात अडकलेलं एक झेंडूचं फूल. जोतीरामनं ते काढून खिशात ठेवलं आणि मूठ खाचेत बसवली. कुंकवानं मूठ निसटत होती. त्यानं ती धोतराला पुसली आणि फिरवली. पाणी आत शिरलं. आहा मित्रांनो! तीन महिन्यांनी पाणी अंगावर घेतलं. मी हललो, मग घुमलो, मग गरजलो. घाईत झडपा जरा जास्तच उघडल्या आणि मी उधळलो. "सबूर, सबूर," जोतीराम पुटपुटला आणि त्यानं मूठ पाव फेरा मागं घेतली. आता जुळणी. नुसता वेग असून चालत नाही, बाकीच्यांच्या पावलात पाऊल पडावं लागतं. घाई केली तर यंत्र तुटतं. जुळणीचा काटा घड्याळासारखा फिरत होता. तो बाराच्या ठोक्यावर येईपर्यंत राजेश्वरीनं बोट बटणावर धरून ठेवलं, आणि आला तसं दाबलं.

धाडकन मी ओळीत शिरलो.

नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

आणि मग काय वर्णावं! माझा कारभारी मोकळा होता. त्यानं ठेका चाचपला आणि झडपा सताड उघडल्या. मी सगळं बळ लावलं. लांबलांबच्या धरणांवरून माझ्यासारखे कितीतरी आले होते. ते मला दिसत नाहीत, पण त्यांचा जोर तारांमधून कळतो. खोटं कशाला सांगू, मी एकट्यानं देश वाचवला नाही. माझा वाटा मुंगीएवढा. पण ती ओळ! एकमेकांना कधी न बघितलेली, वेगवेगळ्या मालकांची, बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारी यंत्रं, आणि काटा घसरला की सगळी एका ठेक्यात. एकोणपन्नास पूर्णांक सहा. सात. आठ. साडेसहाला काटा पन्नासला टेकला. सांगलीच्या कुण्या घरात पंखा फिरत राहिला असेल, वाईच्या घाटावर दिवे मिणमिणलेसुद्धा नसतील. तिथल्या कुणालाही काही कळलं नाही. आमच्या कामात हीच शाबासकी.

राजेश्वरी खुर्चीत कोसळली. "काका, वेळेत आलो. बाकीचं कुणाला सांगायची गरज नाही."

जोतीरामनं नोंदवही ओढली. त्यानं सावकाश लिहिलं, "मूठ पूजेसाठी घरी नेली होती. त्यामुळे उशीर. चूक माझी." खाली पूर्ण नाव लिहिलं.

"काका, अहो हे वाचून ते फाईल बाहेर काढतील!"

"काडू द्यात. खोट्या वहीवर त्यो जगला तर म्या चौतीस वर्सं काय केलं?"

आठवड्यानं वीरधवल साहेब आले. नोंदवही उघडून बराच वेळ वाचत उभे राहिले. माझा जीव टांगणीला लागला. जोतीराम हात बांधून समोर उभा.

"नऊ चाळीस," साहेब म्हणाले. "मूठ हाताशी असती तर?"

"साडेचार, साहेब."

"तुम्ही हे लिहिलं नसतं तर मला कळलंच नसतं."

"व्हय."

साहेब माझ्याकडं वळले. माझ्या पोटावर त्यांनी तळहात टेकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मी आकडे बघतो," ते म्हणाले, "पण पुढच्या वेळी काय होणार हे मला या वहीवरूनच कळणार. वही खरी आहे म्हणून संच ठेवतोय." त्यांनी वहीत सही केली. मग म्हणाले, "आणि पूजा इथंच करा. मूठ खाचेत असताना. फिरत्या यंत्राला हळदकुंकू लागत नाही असं कुठं लिहिलंय?" जोतीरामनं मान हलवली. तो माझ्या आड येऊन उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. रडू दे म्हटलं. मलाही रडता आलं असतं तर मीही रडलो असतो.

ऑक्टोबरअखेर जोतीराम निवृत्त झाला. त्याच दुपारी पुन्हा हाक आली. राजेश्वरीनं मूठ त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली नाही. "तुमी फिरवा. म्या मोजतो," म्हणाला आणि घड्याळाकडं बघत मोठ्यानं मोजत राहिला. चार मिनिटं बारा सेकंद. त्याच्या वेळेपेक्षा अठरा सेकंद कमी. तो इतका खूश झाला की निरोपाचा हार घालून घ्यायचाच राहिला.

आता तो वर वसाहतीत राहतो. पुढच्या वर्षी घर रिकामं करून माणला जातील म्हणे. गेल्या आठवड्यात राजेश्वरी त्यांच्याकडं जेवायला गेली होती, ती खाली येऊन सांगत होती. संध्याकाळची वेळ, चंद्राबाईला चटणी वाटायची होती. मिक्सर समोर, पण ती खलबत्त्यात कुटत बसलेली. राजेश्वरीनं विचारलं, "काकू, मिक्सर बिघडला का?" चंद्राबाई म्हणाली, "न्हाई गं. सांच्याला त्या एक नंबराला लय वढ असती. आपलं वझं अजून कशाला घालायचं? रातच्या नवानंतर लावीन मिक्सर." राजेश्वरी म्हणाली, "काकू, एका मिक्सरनं काय फरक पडतोय?" चंद्राबाईनं कुटणं थांबवलं आणि विचारलं, "त्येनं असं म्हनलंय व्हय?"

मित्रांनो, जुन्या यंत्राला किती देतोस असं जरूर विचारा, पण हाकेला येशील का असंही विचारा. त्याला तेल द्या, त्याचा खोकला ऐका, त्याच्याबद्दल वहीत खरं लिहा. आणि संध्याकाळी खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा. एका पंख्यानं काय होतंय, असं तुम्हाला कुणी म्हणेल. त्यांना माझं नाव सांगा. उंबरदऱ्याच्या संच नंबर एकनं सांगितलंय म्हणावं, की चंद्राबाईचा मिक्सर बंद असला की मला कळतं.